शेजारी काय म्हणतो?

त्या दिवशी सकाळी व्याह्यांचा फोटो आला तो शेळीचा होता. आमची लेक दौंडला दिली आहे. तिच्या सासऱ्यांना म्हातारपणी फोटोचा नाद लागला होता, आन् रोज सकाळी चहाच्या वक्ताला त्यांचा एक फोटो आमच्या मोबाईलवर येऊन पडायचा. शेळी भिंतीवर उभी आन् सूर्य बरोबर तिच्या डोक्यामागं. मी म्हणलं, ह्या शेळीनं बल्ब गिळलाय. बायको चहा गाळत होती. तिनं गाळणी ठेवली, पदराला हात पुसले, मोबाईल माझ्याकडनं काढून घेतला आन् चष्मा लावून लिहिलं, की शेळीच्या पाठीवरचा उजेड लई झाक आलाय, पुढच्या वक्ताला सूर्य तेवढा बाजूला घेतला तर शेळी आणखी उठून दिसंल.

मी म्हणलं, "सूर्य कसा बाजूला घेत्यात?"

ती म्हणली, "सूर्यानं न्हाई, त्यांनी बाजूला व्हायचं. चहा घ्या."

चहा घेतला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम. दुपारी कांद्याच्या वाफ्यात ती बसल्या जागी कलंडली.

तिच्याबद्दल मी लिहायला बसलेलो नाही. ते मला जमणार नाही. चौथी शिकलेला माणूस, जेवढं झेपतं तेवढं करतो. मी व्याह्यांबद्दल लिहितोय. ती मधे मधे येईल, तिला कोण अडवणार. जितेपणी कधी अडली नाही.

व्याही रेल्वेत रुळाच्या कामावर होते. रूळ सरळ आहे का, पातळीत आहे का, हे बघण्यात सगळी नोकरी गेली. आन् त्या माणसाचा एक फोटो सरळ येईल तर शपथ. नदी काढली तर नदीला एका अंगाला उतार. कुरकुंभकडचं धुराडं काढलं तर ते दारू पिऊन आल्यासारखं झुकलेलं. स्वतःच्या नातवाला पाटावर बसवून काढलं तर पोरगं आता घरंगळतंय का मग घरंगळतंय अशी छातीत धडधड. कुणी विचारलं तर म्हणायचे, "नोकरीभर सरळ बघितलं पाव्हणं, आता पेन्शन हाय, जरा वाकडं बघू द्या."

फोटो काढायची तऱ्हा तर बघण्यासारखी. डोक्यावर रेल्वेतली छज्जेवाली टोपी असायची, ती आधी उलटी फिरवायची. मग पाय फाकायचे. मग श्वास कोंडायचा. तोंड लाल व्हायचं, मानेची शीर फुगायची, आन् त्यातनं बारीक आवाज यायचा, "हलू नका." हे ते सगळ्यांनाच म्हणायचे. म्हशीला म्हणायचे, लिंबाच्या झाडाला म्हणायचे. एकदा मांडवगणच्या स्टँडवर उभ्या एसटीला म्हणताना मी बघितलं, आन् आतला डायव्हर खरंच हलायचा थांबला. फोटो निघाला की सगळा श्वास एकदम सोडायचे, मालगाडीचा ब्रेक लागल्यासारखा. आजूबाजूची कुत्री उठून जायची.

आन् मग जो पहिला माणूस दिसंल त्याच्यापुढं मोबाईल. कसा आलाय, खरं सांगा. माणूस म्हणायचा, चांगला आलाय. झालं. चांगला म्हणलेलं त्यांना शिवी दिल्यासारखं लागायचं. म्हणायचे, "चांगला तर चहाबी असतो. चुकलं काय ते सांगा." एसटीत कंडक्टर तिकिटाला आला की हे पैशाआधी फोटो पुढं करायचे. असाच एक कंडक्टर एकदा वैतागला आन् म्हणला, काका, ह्याच्यात नुसता अंधार हाय, बाईमाणूस हाय का खांब हाय कळना. व्याह्यांना इतका आनंद झाला, की आमचं गाव आलं तरी उतरले नाहीत. तसेच पुढं शिरूरपर्यंत गेले, त्या कंडक्टरला वाटंनं जुने फोटो दाखवत. आम्ही इकडं भाकरी झाकून बसलो होतो.

दौंडात हौशी फोटोवाल्यांचा एक मोबाईलवरचा गट होता, त्यात त्यांचं नाव होतं. तिथं कुणी काही टाकलं की बाकीचे अंगठे आन् फुलं टाकायचे. ह्यांचं त्याच्यानं भागंना. म्हणायचे, अंगठ्यानं माणूस काय शिकणार, अंगठा तर अडाणीबी देतो. एकानं मोराचा फोटो टाकला. व्याह्यांनी खाली लिहिलं, मोर ठीक हाय, त्याच्या मागं धुणं वाळत घातलंय ते तुमच्याच घरचं का. त्यांना काढून टाकलं. मग ते सगळे फोटो आमच्याकडं वळले.

आता माझी अडचण सांगतो. माझ्या तोंडाला भावकी भ्यायची. मनात आलं की मी बोलतो, मधे दार नाही. साखरपुड्याला त्यांच्याकडची जिलेबी खाऊन मी म्हणलं होतं, हिचं पंक्चर काढता येईल का. जिलेबी होतीच तशी. पण ती वाढत होती जावयाची आत्या. तिनं आमच्या लेकीला त्या घरात पहिलं सबंध वर्ष ऐकवलं, तुझ्या बापाला आमचं गोड लागत न्हाई. लेक फोनवर काही बोलायची नाही, पण तिच्या आईला न बोललेलं ऐकू यायचं. तिनं मला समोर बसवून सांगितलं, की पोरगी त्या घरात नांदतीय आन् तुमची जीभ ह्या घरात, दोघींनी आपापल्या जागी राहायचं. व्याह्यांच्या कशाला म्हणून नाव ठेवायचं न्हाई, आन् फोटोला तर न्हाईच न्हाई.

मी म्हणलं, ते स्वतःच म्हणत्यात खरं सांगा.

"खरं सांगा म्हणणाऱ्याला खरं नको असतं," ती म्हणली. "त्याला कुणीतरी नीट बघितलेलं पाहिजे असतं."

ती सातवी शिकलेली. लग्नाआधी आन् लग्नानंतरबी लोकांच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. तिथली एक रीत तिनं आयुष्याला लावून घेतली होती. कांद्याचा मालक समोरच बसलेला असतो, आन् त्याच्या डोळ्यादेखत त्याचा माल बाजूला काढायचा असतो. नुसता सडका सडका म्हणत फेकत सुटलं तर तो दुसऱ्या दिवशी कामाला बोलवत नाही. म्हणून आधी म्हणायचं, रंग चांगला धरलाय मामा औंदा. मग हळूच जोडकांदा बाजूला. मग सांगायचं, की पाणी जरा आधी तोडलं असतं तर आणखी टिकला असता. मालक मान हलवतो, आन् पुढच्या वर्षी पाणी आधी तोडतो.

तीच रीत तिनं फोटोला लावली. मी बघून जे म्हणायचो ते ती निवडून, पाखडून पाठवायची. मी म्हणायचो, नदी सांडली. ती लिहायची, पाण्यावरचा रंग लई झाक, फक्त काठाची रेघ मोबाईलच्या कडेला धरून बघा. मी म्हणायचो, हे बोट कुणाचं मधे. ती लिहायची, बैलाची नजर लई सुरेख आलीय, करंगळीला तेवढं बाजूला बसवा. नजर माझी, जीभ तिची. दोन्ही मिळून एक धड माणूस व्हायचा. आन् मोबाईल माझ्या नावावर, त्यामुळं दौंडात माझी कीर्ती पसरली. व्याही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, आमच्या पाव्हण्यांची भाषा लई मऊ. हे माझ्या भावाच्या कानावर आलं तेव्हा त्याला वाटलं मी आजारी आहे. तो भेटायला आला.

खोटं बोलत नाही, फोटो सुधारले. नदी सपाट झाली. धुराडं शुद्धीवर आलं. करंगळी घरी बसली. वाकडं तर पुढं पुढं काही येईचना, मला म्हणायला काही उरंना. मग ते उजेडाच्या नादाला लागले, पण ते राहू द्या. त्याच्या आधी ते झाडाचं प्रकरण झालं, ते सांगतो.

एका सकाळी त्यांनी विहीणबाईंचा फोटो पाठवला. म्हणजे स्वतःच्या बायकोचा. विहीणबाई अंगणात उभ्या, मागं नारळाचं झाड. आमची ही परसात मेथी खुडत होती. मी मोबाईल हातात धरून तिला हाक मारली आन् बोललो. आता त्या मोबाईलवर खाली कोपऱ्यात एक खूण असती, तिच्यावर बोट राहिलं की आपलं बोलणं आत जातं आन् बोट उचललं की सुटतं. हे मला त्या दिवशी कळालं. माझं बोट तिथं होतं. मी बोललो ते असं, "अगं, हे बघ, विहीणबाईंच्या टाळक्यातनं नारळ उगवलाय. आन् पाय कुठं गेले? पाय काय दौंड स्टेशनावर सामानात ठेवलेत?"

बोट उचललं. फुर्रकन काहीतरी गेल्याचा आवाज आला. ही धावत येईपर्यंत त्याच्याखाली दोन निळ्या रेघा उमटल्या होत्या. म्हणजे ऐकलं. ही मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यावरच बसली. एवढंच म्हणली, "पोरीला आणून घालत्यात आता."

लेकीचा फोन आला. सासऱ्यांना ती मामा म्हणती. हळू आवाजात म्हणली, आबा, काय केलंत तुम्ही, मामा न जेवता टोपी घालून निघालेत. आत्याबाई दारात उभ्या राहून म्हणत्यात, आता दोन्हीकडचं एकदाच मिटंल. माझ्याच जिभेची मला त्या दिवशी प्रथमच भीती वाटली. जिलेबीच्या वक्ताला वाटली नव्हती. माझं काय, मी बोलून मोकळा. तिला तिथंच भाकरी थापायची होती.

भर दुपारी व्याही आले. जयभीम घातला, घोंगडीवर बसले. हिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. त्यांनी त्याला हात लावला नाही. आमच्याकडं व्याही दारात येऊन पाणी घेईना म्हणजे पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. त्यांनी खिशातनं मोबाईल काढला, आवाज मोठा केला आन् माझं बोलणं मलाच ऐकवलं. टाळक्यातनं नारळ, सामानात पाय, सगळं. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा थांबल्या.

"हे कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार एवढ्यात ही मधे पडली. "शेजारी," म्हणली. "आमचा शेजारी हाय एक. मोबाईल हातात घेतला त्यानं. लई तोंडाळ हाय."

व्याह्यांनी माझ्याकडं बघितलं. परत तिच्याकडं बघितलं. म्हणले, "आवाज पाव्हण्यांसारखाच हाय."

"भावकीतलाच हाय," ती म्हणली. पापणी हलली नाही.

आमच्या एका अंगाला ओढा आहे आन् दुसऱ्या अंगाला आमचाच गोठा. शेजारी म्हणून म्हैस सोडली तर कुणी नाही, आन् व्याही दहा वेळा आलेले माणूस. त्यांनी थोडा वेळ त्या गोठ्याकडं नजर लावली. मग तांब्या उचलला आन् घटाघटा सगळा प्यायले.

"शेजाऱ्याला नजर हाय," म्हणले. "त्याला सांगा, येताना परत काढून आणलाय, पाय घिऊन."

आन् दुसरा फोटो पुढं केला. पाय होते, चपलांसकट, बोटातल्या जोडव्यांसकट. नारळ गेला होता. विहीणबाईंचं डोकंपण गेलं होतं, भुवईच्या वरचं सगळं. मी उठलो आन् वैरण टाकायचं निमित्त करून गोठ्यात गेलो. आतनं ऐकू आलं, ही म्हणत होती, "चपला लई झाक आल्यात."

त्या दिवसापासनं आमच्या दोन घरांत एक तिसरा माणूस राहायला आला. ती लिहायची ते लिहायचीच. पण व्याही भेटले, की तिचं मऊ बोलणं ऐकून घ्यायचे, मान हलवायचे, आन् आवाज खाली आणून विचारायचे, "आन् शेजारी काय म्हणतो?" ही म्हणायची, शेजारी रांजणगावला कामाला गेलाय, नाईट हाय त्याला. शेजारी लग्नाला गेलाय. शेजाऱ्याचे दात काढलेत, डॉक्टरनं बोलू नको म्हणलंय. एवढी कारणं तिनं मला वाचवायला उभ्या जन्मात दिली नसतील. कधी कधी मात्र तिला दया यायची, आन् ती म्हणायची, शेजारी म्हणला, बैलापेक्षा शेपूट मोठं आलंय. व्याह्यांचा चेहरा असा उजळायचा, की घरात लाईट आली असं वाटायचं. मला मात्र तोंडानं बोलायची बंदी कायम होती. मी आपला म्हशीकडं बघत बसायचो.

भाचीच्या लग्नातली गंमत सांगायची राहिली. फुलं टाकायच्या वक्ताला हे टोपी उलटी करून नवरानवरीच्या पुढ्यात, श्वास कोंडून उभे. लग्नाचा खरा फोटोवाला मागनं म्हणला, काका बाजूला व्हा. दुसरा कुणी रागावला असता. ह्यांना ते शिकवणं वाटलं. तडक बाजूला झाले आन् सबंध लग्न बाजूनंच काढलं. त्या लग्नाच्या ह्यांच्या फोटोंत नवरानवरी कुठंच नाहीत, मांडवाचा खांब मात्र फार देखणा आलाय. ही म्हणली, खांबाला लावलेली झालर लई झाक. ते म्हणले, आन् शेजारी? ही म्हणली, शेजारी जेवायला बसलाय. मी खरंच बसलो होतो, आन् बुंदी नरड्यात अडकली.

ती गेल्यावर त्यांचे फोटो बिघडले. मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर गेली. परत नदी सांडायला लागली, करंगळी परत मधे आली, बैलाचं शिंग एका फोटोत आन् बाकीचा बैल दुसऱ्या फोटोत. मोबाईलवर मला लिहायला येत नाही नीट, मी त्या खुणेवर बोट ठेवून बोलायचो, मुद्दाम आता. रोज सकाळी. कधी कधी बोलण्याच्या भरात चहा गार व्हायचा, मग परत ठेवावा लागायचा, परत ठेवला की भूक लागायची. पुढं एकदा लेक दिवाळीला आली तेव्हा चुलीशी बसून म्हणली, आबा, एक सांगू का. मामा दहा फोटो काढत्यात. नऊ सरळ येत्यात. मी म्हणलं, मला सांगू नकोस. ती म्हणली, तुम्हाला कोणता पाठवत्यात म्हायती हाय का? मी म्हणलं, सांगू नकोस म्हणलं ना. काही गोष्टी शेजाऱ्यासारख्या असतात. आहेत म्हणलं तर आहेत.

गेल्या थंडीत तेही गेले. त्यांचा जो फोटो तिथं भिंतीवर लावलाय तो मी काढलेला आहे, त्यांच्याच मोबाईलवर, त्यांनीच हलू नका म्हणून मला बजावल्यावर. सरळ आलाय, पण टोपी कापली गेली. मी विहीणबाईंना विचारलं, कसा आलाय. त्या पदरानं काच पुसत म्हणल्या, रंग चांगला आलाय.

आता ती सकाळ. शेळीच्या दुसऱ्या दिवशीची.

आदल्या संध्याकाळी तिला पोचवून आलो होतो. वंदना झाली, माणसं बसून राहिली, मी कोपऱ्यात पोत्यावर. ती वाफ्यात कलंडली तेव्हापासनं मी एक शब्द बोललो नव्हतो. रडलो पण नव्हतो. भावकी कुजबुजत होती. ज्या तोंडाला ती इतकी वर्षं भ्याली ते बंद झालेलं बघून जास्त भ्याली. लेक चहा घेऊन आली, म्हणली, आबा, दोन घोट. मी बघितलं पण नाही. भाऊ म्हणला, त्याला रडवा कुणीतरी, असं न्हाई चालायचं, माणूस आत कोंडला म्हणजे जातो.

व्याही आमच्याकडंच होते. मघापासनं दिसत नव्हते. आले आन् माझ्यापासनं दोन हातांवर मांडी घालून बसले.

चुलीशेजारच्या फळीवर मोबाईल वाजला. तिथं तो ती ठेवायची. चहाचा वक्त होता. लेकीनं जाऊन उचलला, बघितलं, आन् रागानं सासऱ्यांकडं बघितलं. लग्न होऊन गेल्यापासनं तिनं त्यांच्याकडं तसं कधी बघितलं नसंल. पण मोबाईल माझ्या हातात आणून दिला.

आमचंच अंगण होतं. पाण्याचा हौद, गोठ्याचं दार, कडंला लिंबाची फांदी. सगळं एका अंगाला कललेलं. असं कललेलं त्यांनी कितीतरी दिवसांत काढलं नव्हतं. आन् खालच्या कोपऱ्यात करंगळी.

"पाव्हणं," ते म्हणले, सगळ्यांच्या देखत, नेहमीच्या आवाजात. "आमच्या विहीणबाई तर आता न्हाईत. शेजारी काय म्हणतो?"

कुणीतरी म्हणलं, अवो, ही वेळ हाय का. ते हलले नाहीत. माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मी फोटो बघितला. परत बघितला. घसा गंजलेल्या हापशासारखा झाला होता, दोनदा नुसती हवा आली.

"वाकडा हाय," मी म्हणलं.

"किती?"

"हौदातलं पाणी सांडंल एवढा. आन् हे बोट कुणाचं मधे?"

"मंग कसा धरू?"

"कडंला धरा. हौदाचा काठ कडंला लावा. दहा वेळा सांगितलंय तिनं." ‘तिनं’ हा शब्द तोंडातनं निघाला आन् मग मला रडू आलं, ते आलं. लेक माझ्या खांद्याला धरून बसली. व्याह्यांनी रडणं होऊ दिलं. हात लावला नाही. पुरतं झाल्यावर म्हणले, "असं सांगून मला न्हाई कळत. बाहेर येऊन दाखवा."

मी म्हणलं, आता? ते म्हणले, उन्हं वर आल्यावर उजेड जातो. आन् उठून बाहेर गेले.

दारातनं मला दिसत होते. हौदासमोर जाऊन त्यांनी टोपी उलटी फिरवली, पाय फाकले, एकदा मागं वळून मी उठतोय का ते बघितलं, आन् मोबाईल आणखी वाकडा धरला.